बुडाला लागलेली

पाचवा ग्लास नाकापाशी नेला आणि त्यातून देविदासच्या आईचा हात बाहेर आला. हात म्हणजे हातच. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या चढवलेला, तळव्यावर भेगा पडलेला, अंगठ्याच्या पेरावर भाजल्याचा चकचकीत डाग असलेला. तो त्याच्या नाकाखाली येऊन थांबला आणि म्हणाला, सांग. देविदासनं ग्लास खाली ठेवला नाही. ठेवला असता तर शिवहारच्या ध्यानात आलं असतं. रविवारचे साडेबारा वाजले होते. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं शिवहारच्या शेतातली खोली, खिडकीत गरगरणारा कूलर, ताटलीत फुटाणे आणि काकडी, आणि टेबलावर पाच पाच ग्लासांच्या तीन रांगा. प्रत्येक ग्लासाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला, कारण रंग पाहून माणूस खोटं बोलतो असा शिवहारचा सिद्धांत. शिवहारचं बियाण्यांचं दुकान होतं, हिंगोलीत दोन मजली. उकंडराव पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. आणि देविदास ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. ह्या दोघांच्या लेखी तो डी. पी. सर. सहा वर्षं झाली, महिन्यातून एक रविवार हे तिघं जमायचे. कोणाचा भाचा दुबईहून बाटली आणायचा, कोणाचा जावई स्कॉटलंडच्या कुठल्या बेटावरची धुरकट व्हिस्की विमानतळावरून उचलायचा. पिणं दुय्यम. आधी वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात घोळवायचा, मग एकेकानं सांगायचं की काय आलं. उकंडराव आधी, शिवहार मधे, डी. पी. सर शेवटी. कारण डी. पी. सर बोलले की बाकीच्यांना बोलायला काही उरायचं नाही.

त्याला येतही होतं तसंच. ज्या ग्लासात उकंडरावांना "मला तर बुवा दारूचाच वास येऊन राहिला" एवढंच सापडायचं, त्याच ग्लासात देविदासला ओल्या लाकडाची वखार सापडायची, पेरूच्या फोडीवरचं मीठ सापडायचं, लग्नाच्या मांडवातल्या दुसऱ्या दिवशीच्या झेंडूचा वास सापडायचा. तो डोळे मिटून, सावकाश, एकेक पापुद्रा सोलल्यासारखा बोलायचा आणि ते दोघं पुन्हा ग्लासात नाक घालायचे आणि म्हणायचे, व्हय की हो! आता आला! एकदा उकंडराव म्हणाले होते, "सर, हे नाक तुमी आणलं कुठून? घराण्यात कोणी अत्तरवाला होता काय?" देविदास हसला होता. त्या हसण्यात सगळं घराणं गिळून टाकलं होतं त्यानं. आणि पहिल्याच वर्षी कधीतरी शिवहारनं सहज विचारलं होतं, "गावाकडं कोण असतं सर?" तेव्हा हा म्हणाला होता, "कोणी न्हाई." दोन शब्द. थुंकायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ लागला. समोरच्यानं वाईट वाटल्यासारखी मान हलवली आणि विषय संपला. वारंगा फाट्यापासून तीन किलोमीटरवर एका तांड्यात मिराबाई नावाची बाई त्या क्षणी जिवंत होती, बहुतेक भाकरी थापत असेल, आणि तिच्या पोरानं तिला दोन शब्दांत निकालात काढलं. कोणी तिसऱ्यानं तिच्याबद्दल असं म्हटलं असतं तर त्याचं काय करायचं हे तांड्याला माहीत होतं. पोटच्या पोराचं काय करायचं हे कुठल्या तांड्याला माहीत असतं?

ग्लासात आधी मोह आला. फुललेल्या मनुक्यासारखा, आंबूस, थोडा चामड्यासारखा. त्याच्यामागं काळा गूळ. मग बाभळीची साल. इथपर्यंत ती दारू कोणाचीही असू शकत होती, मराठवाड्यात अशा हजार भट्ट्या असतील. पण त्यानंतर भाजक्या ज्वारीचा वास आला. शेवटच्या दिवशी आंबत घातलेल्या रसायनात भाजक्या ज्वारीची एक मूठ टाकणारी बाई त्या पट्ट्यात एकच होती. कोणी विचारलं की ती म्हणायची, फुलाला एकटं वाटू नये म्हणून. आणि ह्या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, अजून एक वास होता. तो तिच्या दारूत कधीच नव्हता. जळका. फुलं भांड्याच्या बुडाला लागून करपली की येतो तो. कुत्र्याच्या जळलेल्या केसांसारखा. मिराबाईची भट्टी बुडाला लागली? ती दहा हातांवरून ओळखायची. फूल बुडाला टेकतंय म्हटलं की बोलता बोलता पायानंच लाकूड मागं ओढायची. हा जळका वास तिला कळला नाही ह्याचा अर्थ एकच होता, आणि तो अर्थ देविदासला घोट घेण्याच्या आतच कळला. चिठ्ठी वाचावी तसा कळला. तिचं नाक अजून आलेलं नाही.

"काहून सर, आज बोलती बंद?" शिवहार म्हणाला. त्याचा मोबाईल टेबलावर पालथा पडला होता. "बाटली साधीसुधी न्हाई आजची. सांगा, सांगा."

उकंडराव म्हणाले, "मला तर जीभ भाजल्यासारखी वाटून राहिली."

आणि देविदास बोलला. काहून बोलला? त्याला भीती वाटली. गप्प बसलो तर ह्यांना दिसेल, चेहऱ्यावर दिसेल, ग्लासातला हात ह्यांनाही दिसेल, असं वाटलं. घाबरलेला माणूस भुंकतो. तो खुर्चीत मागं रेलला, डोळे मिटले आणि नेहमीच्या संथ आवाजात म्हणाला, "शिवहारभाऊ, ही दारू न्हाई. हा गुन्हा आहे." दोघं हसले. हसल्यावर ह्याला चेव आला. "बुडाला लागलेली आहे. मोहाची फुलं, काळा गूळ, आणि वरून ज्वारी भाजून टाकायची हौस. पण जाळ कुठं कमी करायचा ह्याची अक्कल नाही. करणाऱ्या म्हातारीला नाकच नाही. तिच्यापुढं बेशरमाचा पाला उकळला असता तरी तिला कळलं नसतं. म्हशीला पाजली तर म्हैस आटेल. अशा हातांनी गोवऱ्या थापाव्यात, भट्टी लावू नये." शिवहारच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. उकंडरावांना ठसका लागला. देविदासनं ग्लास रिकामा केला, एका घोटात, आणि ती घशातून जाताना त्याला शरमेनं नव्हे, चवीनं कळलं की ही जळकी असली तरी खरी आहे. टेबलावरच्या बाकी चारही बाटल्यांपेक्षा खरी. ते त्यानं सांगितलं नाही.

शिवहारनं मोबाईल उचलला, अंगठा दाबला आणि म्हणाला, "झालं. गेलं."

"काय गेलं?"

"तुमचा आवाज. रेकॉर्ड करून राहिलो होतो न मी. ग्यानोबाला धाडला."

मग त्यानं सगळं सांगितलं, फुटाणे चावत. ग्यानोबा म्हणजे मेंढरंवाला. दर उन्हाळ्यात शिवहारच्या रानात मेंढरं बसवायचा, खत पडावं म्हणून. ह्या साली त्याचा कळप वारंग्याकडं गेला होता आणि तिथून त्यानं मेव्हण्याच्या हाती ही बाटली पाठवली होती. एका तांड्यावरच्या म्हातारीची. "पैसा घेत न्हाई म्हणतो ती. विकणं तर बंदच केलंय. पण दर महिन्याला एक भट्टी लावतेच. नाक परत आलं का पाहायला! कोरोनात गेलं म्हणं तिचं नाक. आता बोला. अन् बाटली देताना एकच अट घालते, ज्याला देशील त्याला इचार, वास कसा आला, अन् त्याचं बोलणं मला येऊन सांग. ग्यानोबा म्हणला, शिवहारभाऊ, तुमच्याकडं ते नाकवाले सर हायेत, त्यांचंच बोलणं आणून ऐकवतो म्हातारीला. म्हणून रेकॉर्ड केलं. तुमीबी काय झोडपलं हो, सर! बराबर झोडपलं."

"पुसून टाक," देविदास म्हणाला. हसत म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला कशाला उगाच."

"काहून? खरं तेच सांगितलं न तुमी? तिला खरंच पायजे म्हणं." शिवहारनं मोबाईल पुढं केला. संदेशाखाली एकच करडी टिक होती. "हे पाहा, पोचलाबी न्हाई अजून. रानात रेंज कुठं असती. संध्याकाळपर्यंत जाईल."

माझी आई आहे ती. एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर शिवहारनं जीभ चावली असती, संदेश तिथल्या तिथं पुसला असता, वर दोन शिव्या स्वतःला घातल्या असत्या. शिवहार माणूस वाईट नव्हता. देविदासनं तोंड उघडलंही. पण "कोणी न्हाई" हे दोन शब्द सहा वर्षांपासून घशात आडवे होते. त्यांच्या बाजूनं तिसरा शब्द वर येऊ शकला नाही. तो म्हणाला, "रीताचा फोन येऊन गेला वाटतं. निघतो मी."

"गाडी नका नेऊ," उकंडराव म्हणाले. "पाच ग्लास झालेत. राहू द्या इथंच. अन् बडीशेप घ्या, न्हाईतर वहिनींना आमच्या नावानं वास यायचा."

ह्याच उकंडरावांचं नाक गेलं होतं तेव्हा. कोरोनाच्या त्याच लाटेत. पंधरा दिवस ते रडकुंडीला आले होते, फोनवर म्हणायचे, सर, भजं खाल्लं काय अन् माती खाल्ली काय, सारखंच. आणि देविदासनं काय केलं होतं? प्लास्टिकच्या नऊ डब्या आणल्या होत्या. एकीत लवंग, एकीत कापूर, एकीत कॉफी, लिंबाची साल, कोथिंबीर, नवीन चप्पल कापून तिचा तुकडा. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक डबी हुंगायची, डोळे मिटून त्या वस्तूची आठवण काढायची, असं बजावून त्या डब्या स्वतः नेऊन दिल्या होत्या. दोन महिन्यांनी उकंडराव ओरडत आले होते, सर, कापूर आला! कापूर आला! त्या दिवशी ह्या तिघांनी बाटली फोडली होती. आणि त्याच महिन्यात, बहुतेक त्याच आठवड्यात, तांड्यावरून फोन आला होता. कोणाच्या तरी मोबाईलवरून मिराबाई म्हणाली होती, "देवा, मला वास येईना बेटा." हा तेव्हा कॉलेजच्या जिन्यात होता. म्हणाला, "येईल याडी. पंधरा दिवसांत येतो सगळ्यांचा." ती म्हणाली, "पंधरा दिवस झाले." हा म्हणाला, "मग महिन्यानं येईल." फोन ठेवला. त्यानंतर दिवाळीला रीताला घेऊन गेला, तेव्हा विचारलं नाही. पुढच्या दिवाळीला विचारलं नाही. चार दिवाळ्या. तिनंही पुन्हा काढलं नाही. एकदा जेवताना ती भाकरीचा तुकडा नाकापाशी नेऊन थांबली होती आणि मग तिनं तो तसाच तोंडात टाकला. ते त्यानं पाहिलं होतं. पाहून वरणात मीठ मागितलं होतं.

नाक्यावर उभं राहून त्यानं एसटी पकडली. खिडकीच्या बाजूला बसला. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला आणि तोंड फिरवलं. बडीशेपेनं काय झाकतं? पोटात चार देशांची व्हिस्की होती आणि त्यावर आई. त्याला वाटलं, गाडी हलली की तीच ढवळली जाते. ढेकर आला आणि तोंडात भाजक्या ज्वारीची चव आली. पाच वर्षांचा असताना ती त्याला भट्टीकडं पाठ करून बसवायची. ओढणीचं टोक डोळ्यांवर बांधायची. नळीतून पडणारे पहिले थेंब ती चुलीच्या दगडावर टाकायची, ते निळे पेटायचे, तो अग्नीचा घास. दुसरे थेंब तळहातावर घ्यायची, दोन्ही हात चोळायची आणि त्याच्या नाकाखाली धरायची. सांग. तो सांगायचा. भिजलेला बैल. मोडलेलं ताट. शाळेतली पाटी. गोधडीतली धाकटी बहीण. तिला कोणतंही उत्तर चालायचं, फक्त खरं पाहिजे. कधी त्याला कंटाळा यायचा आणि तो ठोकून द्यायचा, चांगला येतो, गोड येतो. तेव्हा ती मारायची नाही, बोलायची नाही. हात फेटियाला पुसायची, बस. त्या पुसण्याचा आवाज यायचा, जाड घागऱ्यावरच्या आरशांना बांगड्या घासल्याचा. डोळे बांधलेले असतानाही त्याला कळायचं की आपलं चुकलं. ती स्वतः थेंबभरही पीत नव्हती. पिणाऱ्याच्या हाताला चव राहत नाही म्हणायची. नाकावरच सगळा कारभार. सात कोसांवरून माणसं यायची आणि बाटली उघडून आधी वास घ्यायची, मग हसायची. ते सगळं नाक तिनं ह्याच्यात ओतलं होतं, थेंब थेंब. आणि ह्यानं ते नेलं कुठं? कूलरच्या हवेत. काकडीच्या फोडींपाशी.

हिंगोली आलं. गाडी बदलायची होती. त्याचं घर स्टँडपासून दहा मिनिटांवर होतं. तिथं पंखा होता, पलंग होता, रीता होती. घरी जाऊन झोपलो तर? म्हातारी ऐकेल, तिला काय कळणार आहे, फोनवरचा आवाज, चार वर्षांत बोललो किती? हा विचार आला आणि तो स्वतःलाच ओकारीसारखा वाटला. आवाज? जिनं डोळे बांधून ह्याला जग शिकवलं, ती ह्याचा आवाज ओळखणार नाही? आणि तेवढ्यात, नांदेडच्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना, त्याला अजून एक गोष्ट आठवली आणि पाय तिथंच थिजला. तो म्हणाला होता, करणाऱ्या म्हातारीला नाक नाही. म्हातारीला. तेव्हा शिवहारनं सांगितलंच कुठं होतं की ती बाई आहे, म्हातारी आहे? ते नंतर सांगितलं. खोलीत कोणाच्या ध्यानात आलं नाही. पण ते तिथं होतं, आवाजात, कायमचं. जिला ऐकायचंय तिला ते पहिल्या झटक्यात ऐकू येईल. त्यानं ओळखलं होतं. ओळखून शिवी दिली होती. न ओळखता दिली असती तर ती नुसती दारूला बसली असती.

मागून कंडक्टर म्हणाला, "चढा न काका, काहून अडून राहिले?"

कळमनुरी गेलं, बाळापूर गेलं. त्यानं शिवहारला फोन लावला. आवाज शक्य तितका सहज केला. "पोचलं का ते?"

"काय? हां, ते! थांबा... दोन टिका झाल्या सर. निळ्या न्हाईत अजून." शिवहार हसला. "तुमालाच घाई झाली. तारीफ ऐकायची काय म्हातारीकडून?"

उन्हात सगळं रान पांढरं पडलं होतं. भट्टी कोणाची? हा प्रश्न तांड्यातल्या प्रत्येक लेकराला बोलायच्या आधी ठाऊक असायचा, आणि उत्तरही. कोणाचीच न्हाई. पोलीस आले, खाकी दिसली, की नाल्यातल्या भट्टीपासून सगळी माणसं बाजूला व्हायची आणि ती पेटलेली भट्टी अशी एकटी उभी राहायची, जणू जमिनीतून उगवली. कोणाची रे? कोणाचीच न्हाई साहेब. मार पडायचा, तरी कोणाचीच न्हाई. हा सातवीत होता, हट्ट्याच्या बोर्डिंगातून सुटीला आलेला, अंगात शाळेचा पांढरा सदरा. नाल्याच्या वळणावर आला तर दोन शिपाई भांडं फोडत होते आणि मिराबाई बाजूला उकिडवी बसलेली. एकानं ह्याला विचारलं, काय रे, ही बाई कोण तुझी? ह्यानं आईकडं पाहिलं. तिनं नजरेनं सांगितलं. डोळ्यांची पापणीसुद्धा न हलवता सांगितलं. आणि हा म्हणाला, "कोणी न्हाई." मग ती रात्री त्याला पोटाशी घेऊन म्हणाली होती, शहाणं माझं लेकरू. म्हणजे ते दोन शब्दही तिचेच होते. तिनंच दिलेले, संकटात वापरायला. ह्यानं ते रोजच्या खर्चाला काढले. बोर्डिंगातली पोरं त्याच्या कपड्यांना मोहाचा वास येतो म्हणून नाक दाबायची, तेव्हा ह्यानं सोड्यात कपडे उकळले. नोकरी लागली तेव्हा नावातला प्रेमसिंग, बाप, आखडून त्याचा पी केला. खाकी तर कधीच मागं राहिली होती. हा अजून पळून राहिला होता.

वारंगा फाट्यावर उतरला तेव्हा चार वाजत आले होते. टपरीवरून पुन्हा फोन लावला. "निळ्या झाल्या की हो," शिवहार म्हणाला. "आत्ताच." देविदास पळाला. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस धुऱ्यावरून पळाला. तांड्यात शिरला नाही, नाल्याची पायवाट धरली, तीच, डोळे बांधले तरी सापडेल अशी. पळताना एकच वाक्य पाठ करत होता. याडी, तो मी होतो. याडी, तो मी होतो. चार शब्द. ते आधी म्हणायचे, मग पाय धरायचे. मग डब्या आणायच्या, नऊ नाही, नव्वद.

नाल्याच्या काठाला मेंढरं पसरली होती. बाभळीखाली भट्टी होती. म्हणजे भट्टीची जागा होती. भांडं पालथं पडलेलं, करपलेली फुलं बुडाला काळी चिकटलेली, आणि रसायन वाळूत जिरून गेलेलं. नळी दोन तुकडे करून बाजूला ठेवलेली. मिराबाई दगडावर बसली होती, पाय पसरून. त्याला वाटलं होतं त्याहून लहान झाली होती ती. तिच्यासमोर घोंगडीवर एक माणूस उकिडवा बसलेला, हातात मोबाईल. तिनं मान वर केली. डोळे तिचे चांगले होते. त्या डोळ्यांनी तिनं देविदासला पाहिलं. शर्ट पाहिला, घड्याळ पाहिलं, धुळीनं भरलेले बूट पाहिले, धपापणारी छाती पाहिली. काही क्षण. देविदासनं तोंड उघडलं.

"कोण म्हणावं, साहेब?" ग्यानोबा म्हणाला.

चार शब्द जिभेवर होते. पण आता ते दोन माणसांपुढं म्हणायचे होते, आणि त्यातला एक उद्या शिवहारला फोन करणार होता. तेवढ्यानं देविदास अडखळला. अर्धा श्वास. मिराबाईनं तो अर्धा श्वास पाहिला.

"वाट चुकलं असंल कोणी," ती म्हणाली, तांड्याच्या बोलीत नव्हे, मराठीत, परक्यापुढं बोलायची तिची जी सपाट मराठी होती तीत. "फाट्यावरून येतेत असे. बसा, साहेब. पाणी पेता का?"

देविदास बसला. काय म्हणावं ह्या माणसाला? बसला. आईनं पुढं केलेला पाट ओढून घ्यावा तसा तिनं पुढं केलेला खोटेपणा त्यानं ओढून घेतला.

ग्यानोबाला तर सांगायला माणूसच पाहिजे होतं. "म्हातारीची गंमत ऐका साहेब. चार जागी दिली बाटली मी हिची. तिघं म्हणले, झकास, लई झकास. फुकटची होती न! एकच माणूस खरं बोललं. हे ऐका." आणि त्यानं बोट लावलं. कूलरचा घरघराट आला, फुटाणे चावल्याचा आवाज आला, आणि मग तो संथ, शिकलेला, डोळे मिटलेला आवाज नाल्यात पसरला. करणाऱ्या म्हातारीला नाकच नाही. मागं हसणं. अशा हातांनी गोवऱ्या थापाव्यात. मेंढरं चरत होती. मिराबाई मान खाली घालून ऐकत होती, शाळेतलं हुशार पोरगं ऐकतं तशी, एकेक शब्द.

"म्हातारी हाय हेबी वासावरून ओळखलं गड्यानं," ग्यानोबा म्हणाला. "काय नाक म्हणावं! अन् हिनं ऐकलं, अन् उठली, अन् केली भट्टी पालथी. मी म्हणलं, बाई, कोणी काहीबी बोलतं, मनाला नको लावू. तर म्हणती कशी..."

"खरं बोललं ते," मिराबाई म्हणाली. "तीन वर्षं मी लोकाला इचारून राहिले. सगळे म्हणतेत गोड हाय, चांगला हाय. मला वाटलं, असंल. आपल्याला येत न्हाई, पण हाताला येत असंल अजून. आज कळलं. बरं झालं. बुडाला लागलं अन् मला कळलं न्हाई, मग कशाला लावायची?" ती थांबली. "ज्यानं सांगितलं त्याचं नाक चांगलं हाय. असू दे त्याचं तरी."

ग्यानोबा देविदासकडं टक लावून पाहत होता. "आवाज तुमच्यावानीच वाटून राहिला हो साहेब. बोला बरं काही."

आता. अजूनही.

"फोनातला आवाज कोणाचाच नसतो, ग्यानोबा," मिराबाई म्हणाली. देविदासकडं न पाहता म्हणाली. पापणीसुद्धा न हलवता. "भट्टी कोणाची? कोणाचीच न्हाई. तसं."

ती उठली. गुडघ्यावर हात देऊन उठली, मडक्यातून तांब्या भरला, आणला आणि दोन्ही हातांनी पुढं केला, पाहुण्याला देतात तसा. त्यानं घेतला. तिचे हात सरले नाहीत. तांब्याखाली तसेच राहिले, उघडे, तळवे वर.

"पाण्याला काही वास येतो का, साहेब?" तिनं विचारलं. "मडकं जुनं हाय. मला कळत न्हाई, म्हणून इचारते."

त्यानं तांब्या तोंडापाशी नेला. सगळं आलं. शेवाळलेल्या मडक्याची माती आली. तिच्या बोटांवरची राख आली, करपलेलं फूल आलं, भाजकी ज्वारी आली. गोधडी आली, पाटी आली, सोड्यात उकळलेला सदरा आला. त्याच्या स्वतःच्या तोंडातला, पाच ग्लासांचा, बडीशेपेनं झाकलेला वासही त्या पाण्यावर आपटून परत आला. एवढा वास त्याला जन्मात कुठल्या ग्लासात आला नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला. "चांगलंय. गोड आहे पाणी."

मिराबाईनं मान हलवली. हात मागं घेतले आणि फेटियाला पुसले.